संपादन शिकताना: दुरुस्ती वेगळी, शंका वेगळी

कोल्हापुरात राहून ग्रंथसंपादन शिकू इच्छिणाऱ्यांनी पहिल्या हस्तलिखितापासूनच दोन याद्या ठेवाव्यात: एक निर्विवाद दुरुस्त्यांची आणि दुसरी लेखकाला विचारायच्या शंकांची. ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार यांसाठी मराठी साहित्य महामंडळाचे 1962 चे 14 आणि 1972 मध्ये वाढवलेले 4 नियम हाताशी असावेत. या चुका पहिल्या यादीत जातात. खरी कसोटी दुसऱ्या यादीची असते. कथेतील कोल्हापूरची मुलगी ‘मी आलो’ म्हणत असेल, किंवा एखादे पात्र ‘काय करालायस?’ असे विचारत असेल, तर ती व्याकरणाची चूक नसून इथली जिवंत बोली आहे, आणि ती प्रमाण भाषेत बदलणे म्हणजे पात्राचा आवाजच काढून घेणे होय. मात्र निवेदनात असे रूप अधूनमधूनच येत असेल, तर ते हेतुपुरस्सर आहे का, हे समासात नोंदवून लेखकाला विचारावे. लेखकाच्या प्रतिष्ठेला बाध येईल अशा विकृतीविरुद्ध दाद मागण्याचा हक्क 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 ने त्याला दिलेला आहे, आणि हक्क प्रकाशकाकडे सोपवल्यानंतरही तो टिकतो. म्हणून आशयाला हात लावणाऱ्या प्रत्येक बदलाला लेखकाची लेखी संमती घ्यावी. फोनवरचा होकार त्याच दिवशी ईमेलने पक्का करावा. करारही लेखीच असावा आणि हक्क किती काळासाठी सोपवले ती मुदत त्यात असावी, कारण ती लिहिलेली नसल्यास याच कायद्याच्या कलम 19 नुसार पाच वर्षे मानली जाते, ही बाब नव्या लेखकांना संपादकाने आपणहून सांगावी.