सिंहगडची सहल: सासूबाई आणि पोरांसकट

पुण्याजवळच्या सहलीचे पैसे वसूल होतात का? होतात, पण पहाटे घर सोडलंत तर. रविवारी उशीर केलात की सिंहगडाच्या घाटात गाड्यांची रांग लागते, पोरं कुरकुरतात आणि आपण त्यांच्यावर डाफरतो.

आमच्याकडे सासूबाईंचे गुडघे आणि धाकट्याची भूक, दोन्ही सांभाळायचं असतं. म्हणून स्वारगेटहून पीएमपीच्या (शहर बससेवेच्या) बसने पायथा, पुढे शेअर जीप. धडधाकट मंडळींनी आतकरवाडीची वाट खुशाल चढावी. वर गेल्यावर आधी तानाजींची समाधी दाखवा. १६७० ची लढाई पोरांना तिथेच, कड्याकडे बोट दाखवून सांगा.

डबा मात्र नेऊ नका. चुलीवरची भाकरी टम्म फुगते, पापुद्रा सोडवला की वाफ बोटांना चटकते, त्यावर पिठलं आणि ठेचा. मडक्यातलं दही शेवटी. (सासूबाई ‘घट्ट नाही’ म्हणतात आणि दुसरं मागवतात.)

चढउतार नकोच असेल तर कात्रजचं प्राणीसंग्रहालय बरं, फक्त बुधवारी जाऊ नका, बंद असतं. आणि जीपचं भाडं, भजी यासाठी सुटे पैसे ठेवा. गडावर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, मग फोनवरून पैसे कसे देणार?