लागोसच्या जुन्या घराण्यांतली लग्नं कागदपत्रांतून कशी शोधायची

वसाहतकाळातल्या लागोसमधल्या (आजच्या नायजेरियातलं बंदर) एखाद्या योरुबा, म्हणजे तिथल्या मोठ्या स्थानिक समाजातल्या, वकिलाच्या किंवा व्यापाऱ्याच्या संसाराचा माग काढताना लग्नाची तारीख नंतर शोधा. आधी ते कोणत्या कायद्याखाली लागलं ते ठरवा. बायकोचा हक्क आणि मुलांचा वारसा त्यावरच अवलंबून होता.

सुरुवात चर्चच्या आणि सरकारी विवाह नोंदवह्यांपासून करा. 1884 च्या विवाह अध्यादेशाखालचं (वसाहत सरकारच्या कायद्याखालचं) लग्न एकपत्नी असे, आणि ते टिकून असताना दुसरीशी रूढीनुसार लग्न करणं हा गुन्हा होता. 'लागोस वीकली रेकॉर्ड' (1891 पासून) सारख्या पत्रांतली लग्नांची वृत्तंही चाळा. त्यांतल्या पाहुण्यांच्या नावांवरून दोन्हीकडची सोयरीक कळते.

नोंदवहीत नाव नाही म्हणून लग्नच झालं नाही, असं मात्र धरू नका. इथेच बहुतेकांची चूक होते. रूढीचं लग्न दोन घराण्यांत ठरे: अलारिना म्हणजे मध्यस्थ बोलणी करी, इदाना म्हणजे वराकडची देणी पोचती होत. त्याचा कागद सहसा होतच नसे. शिवाय चर्चमध्ये लग्न लागलेल्या कित्येक पुरुषांचा दुसरा संसारही असे. त्या स्त्रिया आणि त्यांची मुलं सापडतात ती मृत्युपत्रांत आणि वारसाहक्काच्या दाव्यांत. मृत्युपत्रातल्या प्रत्येक मुलासमोर आईचं नाव लिहीत चला. आई वेगळी निघाली की दुसरं घर हाती लागलंच.

मृत्युपत्र नसेल तर वाटणी कशी झाली ते पाहा. रूढीत विधवेला वाटा नसे. मुलांत 'इदी-इगी' पद्धतीने, म्हणजे प्रत्येक आईच्या शाखेला समान हिस्सा जाई. ख्रिस्ती लग्न असेल तर इंग्रजी कायदा पुढे येई. 1898 च्या कोल विरुद्ध कोल खटल्यात न्यायालयाने मृताच्या भावाचा रूढीवरचा दावा नाकारून मुलाचा हक्क मानला.

नावांपाशी विशेष जपा. सारो, म्हणजे सिएरा लिओनहून परतलेल्या मुक्त गुलामांच्या, कुटुंबांत जॉन्सन, विल्यम्स अशी आडनावं इतकी आहेत की बापाचं नाव आणि चर्च जुळल्याशिवाय दोन नोंदी एकाच माणसाच्या मानू नका. ब्राझीलहून आलेल्यांसाठी कॅथलिक नोंदी बघा. 1890 च्या दशकात काहींनी इंग्रजी नावं टाकली: बाप्टिस्ट धर्मोपदेशक डेव्हिड ब्राउन व्हिन्सेंट 1894 मध्ये मोजोला अग्बेबी झाले. अशा माणसाच्या नोंदी दोन्ही नावांखाली शोधा. 1891 च्या युनायटेड नेटिव्ह आफ्रिकन चर्चने बहुपत्नीक सभासदही स्वीकारले, त्यामुळे तिथल्या सभासदत्वावरून घरात एकच बायको होती असं ठरवता येत नाही.