कृष्णा-वारणेच्या मळीतून निवांत सायकलफेरी कशी आखावी

सांगलीचा आयर्विन पूल ओलांडून सांगलवाडीत उतरले की तेथून पश्चिमेस वारणेच्या काठापर्यंतचा मुलूख जवळजवळ ताटासारखा सपाट आहे. साताऱ्याच्या सायकलस्वारांना यवतेश्वरच्या घाटाचा अभिमान असतो. आपल्याकडे तसा चढ नाही याची खंत बाळगण्याचे मात्र कारण नाही, कारण ज्याला दमछाक न होता दोन-तीन तास शिवारातून हिंडायचे आहे, पक्षी पाहायचे आहेत आणि घरातील दहा वर्षांच्या मुलालाही सोबत न्यायचे आहे, त्याच्यासाठी ही नदीकाठची मळीच, म्हणजे गाळाची सपाट जमीनच, अधिक योग्य. अडचण एवढीच की केवळ सायकलींसाठी राखलेला मार्ग येथे कोठेही नाही. मोकळा रस्ता येथे हंगाम आणि घड्याळ पाहूनच मिळवावा लागतो, म्हणून फेरीची आखणी सायकलीपासून न करता दिनदर्शिकेपासून करावी.

पावसाळ्यात, विशेषतः जुलै आणि ऑगस्टमध्ये, नदीकाठच्या वाटांचा विचारच करू नये. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर गेली की धोका मानला जातो. २०१९ च्या महापुरात ती ५७ फुटांच्याही वर गेली होती. पूर ओसरल्यावरही सखल रस्त्यांवर गाळ राहतो आणि तो वरून सुकलेला दिसला तरी आतून निसरडा असतो. पाण्याखाली गेलेला रस्ता कितीही ओळखीचा असला, तरी त्यात सायकल घालू नये.

खरा पेच हिवाळ्यात पडतो. हवा उत्तम, स्थलांतर करून आलेले पक्षी पाणथळीत उतरलेले, आणि नेमक्या त्याच दिवसांत उसाचे गळीत सुरू! दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर अरुंद रस्ता पूर्ण व्यापतो, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो आणि कित्येक ट्रॉल्यांना मागचा दिवा नसतो. तोड सकाळी सुरू होते, मोळ्या भरून गाड्या निघेपर्यंत बहुधा दुपार उलटते, आणि खरी वर्दळ संध्याकाळी व रात्री असते. त्यामुळे हंगामात उजाडताच निघावे आणि नऊ-साडेनऊपर्यंत घरी परतावे. संध्याकाळची फेरी उन्हाळ्यासाठी राखून ठेवावी. भरलेली ट्रॉली समोरून किंवा मागून येताना दिसली तर रस्त्याची कडा धरून चालवत राहण्यापेक्षा खाली उतरून बाजूला उभे राहावे. त्यात कमीपणा काही नाही.

आता वाट कोणती धरावी ते पाहू. प्रथमच जाणाऱ्याने सांगली ते हरिपूर ही जेमतेम चार किलोमीटरची फेरी करावी. हरिपुरास कृष्णा आणि वारणा यांचा संगम असून संगमेश्वराचे मंदिर आहे, आणि हळद साठवण्याच्या जमिनीखालील पेवांसाठी हे गाव पूर्वापार प्रसिद्ध आहे. अंग मोकळे झाले की दुसऱ्या वेळी सांगलवाडीहून समडोळी, कवठेपिरान आणि दुधगाव अशी वाट धरावी. इस्लामपूर आणि पेठ या गावांकडे जाणारा मोठा रस्ता मात्र टाळावा. तो ओलांडावा लागलाच तर थांबून, दोन्हीकडे पाहून, सायकल हातात धरून ओलांडावा. तिसरी, जरा लांबची फेरी भिलवडी आणि औदुंबरची. भिलवडीचा दगडी घाट आणि पलीकडचे दत्तस्थान अशी दोन्ही ठिकाणे एकाच सकाळी होतात, आणि बालगंधर्वांचे नागठाणेही तेथून जवळच आहे.

नकाशावर बारीक रेघ दिसली म्हणजे रस्ता असतोच असे नाही. मळीतील पाणंद एखाद्याच्या विहिरीपाशी संपते, तर एखादी बारमाही चिखलात असते. त्यामुळे गावातल्या पारावर बसलेल्या एखाद्या आजोबांना विचारून घेणे नकाशापेक्षा भरवशाचे. मात्र “रस्ता चांगला आहे का?” असे विचारू नये, कारण ट्रॅक्टरवाल्याच्या दृष्टीने सगळेच रस्ते चांगले असतात. “सायकल जाईल का?” असेच विचारावे.

या वाटांवरचे पाणथळ पट्टे हा या फेरीचा सर्वांत लक्षणीय भाग आहे आणि त्यांची गोष्ट काहीशी दुःखाचीही आहे. नदीतून उचललेले पाणी उसाला वर्षानुवर्षे मोकाट दिले गेले, निचऱ्याची सोय झाली नाही, तेव्हा भूजल वर चढले आणि त्यासोबत क्षारही वर आले. कसबे डिग्रज, कवठेपिरान या भागांत अशा क्षारपड जमिनी सहज दिसतात: मातीवर पांढरी खपली, पिकाऐवजी लव्हाळा आणि पाणकणीस, मध्ये साचलेले उथळ पाणी. शेतकऱ्याचे त्यात नुकसान झाले, पण लांब गुलाबी पायांचे शेकाटे, वंचक, जांभळ्या पाणकोंबड्या आणि हिवाळ्यात येणारे शेपटी हलवणारे धोबी तेथे रमले. पक्षी पाहण्यासाठी पन्नास पावले अलीकडेच सायकल आडवी ठेवून सावकाश चालत जावे. ब्रेकचा कर्रर्र आवाज झाला की सगळा थवा उठतो.

नदीच्या प्रत्यक्ष काठाविषयी मात्र कडक नियम पाळावा. सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या पात्रात मगरी आहेत. भिलवडी, औदुंबर, डिग्रज या परिसरात त्या अनेकदा दिसतात आणि माणसांवर हल्लेही झाले आहेत. थंडीत त्या ऊन खाण्यासाठी काठावर येऊन पडतात व मातीच्या ढेकळांत सहज ओळखू येत नाहीत. घाट सोडून इतरत्र पाण्याजवळ जाऊ नये, हातपाय धुण्यासाठी तर मुळीच नाही.

सायकल साधी असली तरी चालते. गिअरची गरज या प्रदेशात फारशी पडत नाही. टायर मात्र थोडे रुंद, ३५ ते ४० मिलिमीटरचे, असलेले बरे, आणि त्यांत हवा टायरच्या कडेवर छापलेल्या कमाल मर्यादेपेक्षा थोडी कमीच भरावी, म्हणजे पाणंदीतील धक्के कमी बसतात. सीटची उंची ठरवताना टाच सर्वांत खालच्या पेडलवर ठेवून पाय सरळ होतो का ते पाहावे. अनेकांचे गुडघे दुखतात ते केवळ सीट खाली असल्यामुळे. बांधावरच्या बाभळी काटे टाकतात, म्हणून जादा ट्यूब, हवेचा पंप, सोल्युशन आणि पाना सोबत हवाच. खाण्यासाठी तासगावकडचे मूठभर बेदाणे आणि शेंगदाणे उत्तम. सांगलीचे भडंग घरी परतल्यावर खावे, वाटेत ते तहान वाढवते. पाणी माणशी किमान दीड लिटर घ्यावे.

सपाट प्रदेशात चढाची जागा वारा घेतो. उन्हाळ्यात दुपारनंतर आणि पावसाळ्यात दिवसभर तो बहुधा पश्चिमेकडून येतो, त्यामुळे सांगलीहून दुधगावकडे निघणे म्हणजे ताज्या पायांनी वाऱ्याला तोंड देणे आणि थकल्यावर वाऱ्याच्या मदतीने परतणे होय. निघण्यापूर्वी देवळावरच्या ध्वजाकडे किंवा उसाच्या वाढ्याकडे एकदा पाहावे. ताशी १२ ते १५ किलोमीटर हा वेग पुरेसा आहे; कुत्रे अंगावर धावले तर वेग वाढवू नये, उतरून सायकल मध्ये धरावी, बहुतेक कुत्री तेवढ्यानेच थांबतात.

काळ्या मातीबद्दल शेवटची सूचना मी स्वानुभवाने करतो. एका अवकाळी पावसानंतर मी पाणंदीत शिरलो आणि शंभर पावलांत मडगार्ड व चाक यांमध्ये माती इतकी घट्ट बसली की चाक फिरेना. पुढचा अर्धा कोस सायकल खांद्यावर घेऊन चालावे लागले. ओल असेल तर डांबरीवरच राहावे. तरीही चिखल लागलाच, तर घरी येताच, तो ओला असतानाच, बादलीभर पाण्याने धुऊन चेन कोरडी पुसावी आणि तेलाचे थेंब सोडावेत. रात्रभर सुकलेली काळी माती दुसऱ्या दिवशी खरवडूनच काढावी लागते.