कॅरिअर लँडिंग: थ्रॉटलच्या या चुका टाळा

बॉल, म्हणजे विमान योग्य वाटेच्या वर आहे की खाली हे दाखवणारा जहाजावरचा दिवा, खाली गेला की हात आपोआप स्टिक (नाक वर-खाली करणारा दांडा) ओढतो. डीसीएस या विमानाच्या सिम्युलेटरमध्ये हॉर्नेट हे लढाऊ विमान कॅरिअरवर, म्हणजे विमानवाहू जहाजावर, उतरवायला शिकताना मी महिनाभर हेच केलं, आणि आता आमच्याकडे शिकायला येणारी मुलंही हेच करतात. बाकीच्या बहुतेक चुका या एका चुकीच्या पोटातून निघतात.

उतरताना विमान इतकं हळू उडत असतं की नाक वर घेतल्यावर ते क्षणभर उचललं जातं, पण हवेचा अडथळा वाढतो, वेग पडतो आणि ते आधीपेक्षा जोरात खाली बसू लागतं. म्हणून इथे उंची थ्रॉटलने, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दांड्याने, सांभाळायची, आणि स्टिकने नाकाचा कोन, म्हणजे पर्यायाने वेग. हे जमायचं तर आधी ट्रिम हवं, म्हणजे स्टिक न धरताही विमान त्याच कोनात राहील अशी जुळणी. चाकं खाली, फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) पूर्ण, अँगल ऑफ अटॅक (समोरून येणाऱ्या हवेशी पंखांचा कोन) ८.१ अंश. स्टिक सोडली तरी हा कोन दाखवणाऱ्या दिव्यांमधलं पिवळं वर्तुळ टिकलं पाहिजे. हिरवी खूण दिसली तर वेग कमी, लाल दिसली तर जास्त. ट्रिमशिवाय उतरायला जाल तर दोन्ही हात एकमेकांच्या चुका दुरुस्त करत बसतात.

आता खरी अवघड गोष्ट. थ्रॉटल पुढे केला म्हणजे जोर लगेच मिळत नाही. इंजिनाला फिरण्याचा वेग वाढवायला वेळ लागतो, मग विमानाचं खाली येणं मंदावतं, आणि बॉल हलतो तो त्याच्याही नंतर. शिकणाऱ्याला वाटतं काहीच झालं नाही, म्हणून तो आणखी ढकलतो. मग सगळा जोर एकदम येतो आणि बॉल वरून निघून जातो. गेटवेहून घारापुरीला जाणारी लाँच धक्क्याला लागताना बघा. सुकाणूवरचा माणूस धक्का यायच्या कितीतरी आधी इंजिन कमी करतो, कारण केलेला बदल होडीला उशिरा कळतो हे त्याला ठाऊक असतं. थ्रॉटलवरच्या हाताला नेमकी हीच सवय लावायची आहे.

जुनी विक्रांत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती तेव्हा तिच्या डेकवर मी चाललो आहे. १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट ताहिलियानी, जे पुढे नौदलप्रमुख झाले, यांनी तिच्यावर पहिलं जेट विमान उतरवलं. त्या काळातली जेट इंजिनं आजच्यापेक्षा फारच सावकाश जोर धरायची. तो लहानसा डेक आठवला की त्या पिढीबद्दल मला आजही अपार आदर वाटतो.

उपाय तीन हालचालींचा आहे. बॉल खाली असेल तर थोडा जोर वाढवा. बॉल वर यायला लागला की तो मधोमध पोचायच्या आधीच जोर काढा, आणि वाढवला होता त्यापेक्षा थोडा जास्तच काढा, नाहीतर वर जाणं थांबत नाही. मग काढलेल्यातला थोडा परत द्या. बॉल वर असेल तर हेच उलट. बॉल कुठे आहे यापेक्षा तो कुठे निघाला आहे ते बघा. हात सतत बारीक हलता राहिला पाहिजे. पाच-सहा सेकंद थ्रॉटल एकाच जागी राहिला असेल तर समजा, तुम्ही मागे पडलात.

शेवटच्या वळणातून सरळ होताना बरेच जण उंच जातात. वळणात पंख कललेले असल्यामुळे जास्त जोर लागतो. पंख सरळ होताच तेवढा जोर काढायचा राहून जातो. उलट जहाजाच्या अगदी मागे, आयलंडमुळे (डेकवरच्या मनोऱ्यामुळे) खवळलेल्या हवेत विमान खाली ओढलं जातं. तुमच्या सिम्युलेटरमध्ये ही हवा असेल तर तिथे पोचतानाच चिमूटभर जोर वाढवा. आणि डेककडे बघू नका. डेक जवळ दिसला की हात जोर कमी करतो आणि नाक खाली जातं. नाक खाली गेलं की शेपटीखालचा हुक वर उचलला जातो आणि विमान थांबवणाऱ्या, डेकवर आडव्या ताणलेल्या वायरी चुकतात.

चाकं टेकताच थ्रॉटल पूर्ण पुढे. विमानतळाच्या सवयीने मागे ओढलात आणि हुक चुकला, तर पुन्हा उडायला डेक पुरत नाही. विमान खरोखर थांबेपर्यंत जोर तसाच ठेवा.

हे सगळं करूनही बॉल थरथरत असेल तर स्वतःला दोष देण्याआधी थ्रॉटल तपासा. मुंबईच्या दमट हवेत स्वस्त थ्रॉटलमधले पोटेन्शियोमीटर (दांडा कुठे आहे ते मोजणारे भाग) लवकर खराब होतात. सिम्युलेटरच्या सेटिंगमध्ये थ्रॉटलची जागा दाखवणारी अक्षाची रेघ बघा: हात स्थिर असताना ती नाचत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून थ्रॉटल दहा-वीस वेळा पूर्ण मागेपुढे करा, आणि पावसाळ्यात त्यावर झाकण घालून ठेवा. ती रेघ स्थिर झाल्यावर हजार-बाराशे फुटांवर जहाजाशिवायच सराव करा. ८.१ अंश धरून, फक्त थ्रॉटलने, मिनिटाला सातशे फूट खाली या, मग तितक्याच शांतपणे पुन्हा सरळ व्हा. मी अजूनही जहाजाकडे जाण्याआधी रोज दहा मिनिटं हेच करतो.