मूल मागच्या जन्माचं बोलू लागलं तर

आमच्या वडोदऱ्यात, दांडिया बाजारात, नातू ‘माझं खरं घर दुसरीकडे आहे’ म्हणाला की आजी आधी मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढते. खुशाल काढा, पण पाठोपाठ वही घ्या. माझा पुनर्जन्मावर विश्वास आहे, म्हणूनच सांगते. तारीख घाला, मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा. ‘विहिरीपाशी निळं दार’ म्हणालं तर तेवढंच. ‘वाडा होता का रे?’ असं सुचवायचं नाही. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या डॉ. इयन स्टीव्हन्सन यांनी अशा २,००० हून जास्त नोंदी जमवल्या. पडताळणीआधी लिहून ठेवलेली नोंद त्यांत सर्वांत मोलाची. मुलं बहुधा दोन ते पाच वर्षांची असताना बोलतात, पुढे विसरतात. तेव्हा उद्यावर ढकलू नका. व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर मुळीच नको. दहाजणांनी खोदून विचारलं की मूल उत्तरं रचू लागतं. झोपेत दचकत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.