कोकणातून क्वांटम केमिस्ट्रीच्या प्राध्यापकीकडे: सुरुवात कशी करावी

मे महिन्यात दापोलीला माहेरी गेले, की बी.एस्सी.चं कुणीतरी पोर पडवीत येऊन बसतंच. "ताई, तुमच्यासारखं प्राध्यापक व्हायचं तर काय करू?"

मी आधी कागद-पेन्सिल देते. ब्युटाडाइन या चार कार्बनांच्या रेणूचा ह्युकेल डिटर्मिनंट (इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा काढायचा चौकोन) मांड, चार ओळी, चार रकाने, आणि सोडव. ±१.६१८ आणि ±०.६१८ ही उत्तरं स्वतःच्या हातानं काढली, की पुढे कॉम्प्युटर नेमकं काय करतो ते डोक्यात बसतं. तिथेही मॅट्रिक्सच असतात, फक्त खूप मोठ्या. म्हणून केमिस्ट्री मुख्य विषय घेतलात तरी गणित सोडू नका. माझ्या ओळखीची हुशार मुलं इथेच अडली आहेत.

परीक्षांचा रस्ता ठरलेला आहे: जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एम.एस्सी., मग पीएच.डी.साठी नेट किंवा गेट. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात, घरभाडं मिळालं तर ते वेगळं. पीएच.डी.ला पाच वर्षं धरा, पोस्टडॉकला, म्हणजे त्यानंतरच्या तात्पुरत्या संशोधनाला, दोन-तीन. कायमची नोकरी बहुधा तिशी उलटल्यावरच, हे घरी आधीच स्पष्ट सांगा. गाईड ठरवण्याआधी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोला. पेपरांच्या यादीत माणूस दिसत नाही.

सुपरकॉम्प्युटरची वाट बघत बसू नका. रेणूंची गणितं करणारे प्रोग्राम आहेत: साय-फोर फुकट मिळतं, ओर्का शैक्षणिक कामासाठी फुकट आहे. साध्या लॅपटॉपवर पाण्याच्या रेणूचा कोन काढा. प्रयोगातलं उत्तर १०४.५ अंश आहे. तुमचं किती येतं आणि बेसिस सेट (इलेक्ट्रॉन मांडायला वापरलेला फंक्शनांचा संच) बदलला की किती हलतं, ते वहीत उतरवा.

मग आमसुलांकडे या. आगळाचा लाल रंग अँथोसायनिन्स या रंगद्रव्यांचा, आणि त्यांच्या मुळाशी सायनिडिन हा रेणू. त्याचा रंग गणितानं काढणं हे माझ्या सुरुवातीच्या कामांपैकी एक. इनपुटमध्ये मी चार्ज शून्य आणि मल्टिप्लिसिटी (सुट्या इलेक्ट्रॉनांची संख्या अधिक एक) एक लिहिली. प्रोग्रामनं नकार दिला, म्हणून मी मल्टिप्लिसिटी दोन केली. गणित सुरळीत संपलं, आणि मी तीन आठवडे भलत्याच रेणूचा रंग समजावत बसले. आम्लात सायनिडिन धन आयन असतं, C१५H११O६ आणि चार्ज +१. मोजून बघा: ९० अधिक ११ अधिक ४८, वजा एक, म्हणजे १४८ इलेक्ट्रॉन. सम संख्या, सगळे जोडीनं. म्हणजे हवं होतं चार्ज एक, मल्टिप्लिसिटी एक. शून्य चार्जला १४९ होतात आणि एक सुटा उरतो. प्रोग्राम तेच सांगत होता, मी ऐकलं नाही.

आता माझ्याकडचा प्रत्येक विद्यार्थी रन लावण्याआधी इलेक्ट्रॉन हातानं मोजून वहीत लिहितो. रचना ऑप्टिमाइझ झाली, म्हणजे कमीत कमी ऊर्जेला आली, की रेणूच्या कंपनांच्या फ्रिक्वेन्सी काढा. एकही काल्पनिक आली तर ती रचना ऊर्जेच्या खळग्याच्या तळाशी नाही, पुन्हा करा. मग पाण्याचा परिणाम धरून टीडी-डीएफटीनं, म्हणजे रेणू कोणता प्रकाश शोषतो ते काढणाऱ्या पद्धतीनं, रंग काढा. एवढं जमलं की सायनिडिनला ग्लुकोज जोडा, आणि वही घेऊन पडवीत या.