शापित वस्तूंच्या भयकथा स्वतः छापताय? आधी हे करा
नागपुरातून स्वखर्चानं संग्रह काढणाऱ्यांनो, आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या ओळख नंबरासाठी, कोणाला पैसे देऊ नका, राजा राममोहन रॉय या सरकारी एजन्सीच्या पोर्टलवर तो फुकट मिळते, फक्त छपाईच्या बऱ्याच आधी अर्ज टाका अन् छापील पुस्तक, ईबुक दोघांना वेगवेगळा नंबर घ्या. युनिकोड (मोबाईल-कॉम्प्युटरवर सगळीकडे दिसणाऱ्या अक्षरांची) फाईल महाल भागातल्या डीटीपीवाल्याच्या, म्हणजे छपाईसाठी पानं लावून देणाऱ्याच्या, जुन्या फॉन्टमध्ये गेली की रफार, जोडाक्षरं बरेचदा तुटतात आणि नेमकं भीतीच्या जागी वाचणारा अडखळला तर सगळी गोष्टच पडते ना, म्हणून प्रूफ कागदावर घेऊन मोठ्यानं वाचा. पहिली कथा अडकित्ता, नथ असल्या आपल्या घरातल्या वस्तूची ठेवा, परदेशी बाहुलीपेक्षा ती जास्त झोंबते. आणि पुस्तक निघालं की १९५४ च्या कायद्याप्रमाणे ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना प्रती पाठवाच.